लाल पाटी आली म्हणून लगेच पैसे भरू नका

मार्चअखेर जवळ आली की बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात दोन प्रकारचे फोन वाढतात. एक टॅलीचे, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे, दुसरे लाल पाटीचे. बेळगावातल्या क्रेडिट सोसायट्या, सी.ए.ची ऑफिसं, शाळा यांनी अँटिव्हायरस घेतलेला असतो तो आर्थिक वर्ष धरून, त्यामुळे मुदतही सगळ्यांची एकदमच संपते. मग पडद्यावर ढालीचं चित्र, त्यावर लाल फुली आणि खाली तुमचा कॉम्प्युटर धोक्यात असल्याची इंग्रजी ओळ. येळ्ळूरच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला तो असा: “अरे, सकाळधरनं सारखं वाजूलालंय बघ हे. पेन्शनच्या बँकेचं सगळं ह्यातच आहे. पैसे भरून टाकू काय?”

भरू नका. निदान खाली सांगतोय तेवढं बघितल्याशिवाय तरी नको. त्यासाठी कुठला कोर्स केलेला असण्याची गरज नाही. इंग्रजी वाचता आलं तर बरं. नाही आलं तर मोबाईलमधलं गूगल ट्रान्सलेट उघडून कॅमेरा पडद्यावर धरा, मराठीत दिसतं. आणि एक सांगून ठेवतो, अँटिव्हायरसचे डबे मीही विकतो. डब्यामागे दुकानदाराला मार्जिन सुटतं, मलाही सुटतं. म्हणून हे दुकानदाराकडूनच ऐकलेलं बरं.

पाटी कुणाची, ते आधी ओळखा

गुरुजींना मी फोनवरच विचारलं, “गुरुजी, पाटी पडदाभर आहे की कोपऱ्यात?”

“कोपऱ्यात. उजवीकडं खाली.”

“तिच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय?”

जरा वेळ गेला. चष्मा शोधत असावेत. “गूगल क्रोम लिहिलंय. त्याच्याशेजारी कायतरी डॉट एक्सवायझेड.”

एवढ्यावर निदान झालं. ज्या पाटीवर क्रोम किंवा एज ह्या ब्राउझरचं नाव आणि कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता असतो, ती अँटिव्हायरसची नसते आणि विंडोजचीही नसते. ती जाहिरात असते. चित्र नावाजलेल्या कंपनीचं असेल, पण पाठवणारा बहुधा मधला कमिशनवाला असतो. तुम्ही दाबलंत की कधी खोट्या पानावर जाता, कधी खऱ्या कंपनीच्या विक्रीच्या पानावर जाता आणि ह्याचं कमिशन पडतं. तुमच्या मशीनमध्ये काय आहे हे त्याला दिसतच नाही. व्हायरस असो नसो, पाटी तीच येते.

ती येते कशी? गुरुजींनी पंचांगाची फुकट पीडीएफ शोधताना एका वेबसाइटने ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ असं सांगितलं आणि त्यांनी दाबलं. तो रोबोचा प्रश्न नव्हताच, नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी मागितली होती. दहावीचा निकाल, पहाणीचा उतारा, क्रिकेटची मॅच, फुकटात काहीही शोधायला गेलात की हा सापळा ठरलेला. सरकारी वेबसाइटच्या नावासारखंच नाव घेतलेल्या साइट तर भरपूर.

काढायचं असं: क्रोममध्ये उजवीकडे वरच्या तीन टिंबांवर दाबा, सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथं परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका. वरच साइटना नोटिफिकेशन पाठवायला मनाई करण्याचा पर्याय आहे, तो निवडून ठेवा म्हणजे पुढचा प्रश्नच येत नाही. एजमध्येही वाट साधारण हीच. गुरुजींचं काम फोनवरच झालं, खर्च शून्य.

पडदाभर पाटी, भोंग्याचा आवाज आणि मध्ये मोठ्या आकड्यात फोन नंबर, हा त्याच घराण्यातला जास्त वाईट प्रकार. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, तेव्हा नंबर दिसला की विषय संपला. एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा, पडदा मोकळा होतो. नाहीच झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर मागची पानं परत आणू का असं विचारलं तर नको म्हणा. त्या नंबरला फोन केला तर समोरचा गोड बोलून एनीडेस्क, म्हणजे दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, घ्यायला लावतो आणि तुमचा माउस तुमच्याच डोळ्यांसमोर फिरवायला लागतो. ह्याला मी विक्री म्हणत नाही, ही चोरी आहे.

नव्या लॅपटॉपबरोबर आलेला अँटिव्हायरस

कॉलेजची ॲडमिशन झाली की पोराला लॅपटॉप घेतात. त्यात महिन्याभराचा किंवा वर्षाचा अँटिव्हायरस आधीच भरलेला असतो, कारण लॅपटॉप बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात. मुदत संपत आली की ही कंपनी रोज सांगते, ‘तुमचं संरक्षण संपतंय.’ ही पाटी खरी त्या सॉफ्टवेअरची असते, ब्राउझरची नव्हे. फक्त ती अर्धंच सांगते. संपतं ते त्यांचं लायसन्स. विंडोजचं स्वतःचं संरक्षण तिथंच बसलेलं असतं, दुसरा अँटिव्हायरस असेपर्यंत ते बाजूला होतं, इतकंच.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजच्या आतच येतो. वेगळे पैसे नाहीत, मुदत नाही, लायसन्सचा नंबर टाकणं नाही. जर्मनीत मागडेबुर्गला एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कंपॅरेटिव्हज नावाच्या दोन तपासणी संस्था आहेत. त्या सगळ्यांच्या अँटिव्हायरसवर खरे व्हायरस सोडून बघतात आणि निकाल वेबसाइटवर फुकट ठेवतात. एव्ही-टेस्ट १८ पैकी गुण देते. डिफेंडर तिथं अनेक वर्षं वरच्या रांगेत आहे. सेल्समन तुम्हाला ‘ते फुकटचं काय कामाचं’ म्हणाला तर हा निकाल मोबाईलवर काढून त्याच्यासमोर धरा.

तेव्हा ट्रायल संपली की कंट्रोल पॅनेलमधून तो अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा. अनइन्स्टॉल करतानाही हे लोक एकदा घाबरवतात, एकदा सवलत देतात, एकदा कारण विचारतात. प्रत्येक पानावर काढून टाकण्याचं बटण फिकट रंगात असतं, ते शोधा. काही अँटिव्हायरस मागे अवशेष ठेवतात, त्यांच्यासाठी त्या त्या कंपनीच्या वेबसाइटवरच साफ काढणारं वेगळं टूल मिळतं. मग मशीन रीस्टार्ट करा, स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करून उघडा आणि व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनसमोर हिरवी खूण आली का बघा. ती बघितल्याशिवाय उठू नका. मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवून वर्षभर काम केलेल्या मशीन मी बघतो, तिथं धड हाही राखण करत नाही आणि धड तोही.

मायक्रोसॉफ्टसुद्धा काही धुतल्या तांदळाचं नाही. विंडोज सिक्युरिटीत कधी पिवळा त्रिकोण दिसतो आणि उघडून बघितलं तर ‘वनड्राइव्ह सुरू करा’ किंवा ‘मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करा’ एवढंच असतं. वनड्राइव्हमध्ये ५ जीबी फुकट, पुढं पैसे. नको असेल तर तिथंच डिसमिस दाबा, त्रिकोण जातो.

आकडा दाखवला तर डिटेल्स उघडा

इथं मात्र जरा सावकाश जाऊया, कारण भल्याभल्यांचे पैसे इथंच जातात.

टिळकवाडीतल्या एका सोसायटीतल्या क्लार्कबाई मशीन घेऊनच आल्या. फुकटचा क्लीनर टाकला होता, त्याने स्कॅन केलं आणि लाल अक्षरात सांगितलं की मशीनमध्ये शेकडो समस्या आहेत, सोडवायच्या असतील तर पैसे भरून प्रो घ्या. बाईंचा चेहरा उतरलेला. “चेअरमनना काय सांगू? ठेवीदारांचा डेटा आहे हो ह्याच्यात.” मी म्हटलं, आकडा राहू दे, त्याच्या शेजारचं डिटेल्स उघडू. डिटेल्स बारीक राखाडी अक्षरात होतं, ‘आत्ता दुरुस्त करा’ मात्र हिरवंगार आणि वितभर.

उघडलं. पहिल्या गटात ट्रॅकिंग कुकी: वर्तमानपत्रं, साडीची दुकानं, रेल्वेचं तिकीट. कुकी म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली चार अक्षरांची टिपण. तिच्यावरून जाहिरातवाले तुमचा माग काढतात हे खरं, पण ती व्हायरस नाही, ती फाईल खात नाही आणि ती ब्राउझरच्या हिस्टरीतून फुकट पुसता येते. दुसऱ्या गटात टेंपररी फाईल. त्या विंडोजच बनवतं, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजमधून काढता येतात. तिसऱ्या गटात रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, चुका: कधीकाळी काढून टाकलेल्या प्रोग्रामच्या उरलेल्या नोंदी. त्या राहिल्या म्हणून मशीन स्लो होत नाही. उलट त्या काढण्याच्या नादात भलतीच नोंद गेली तर टॅली उघडायची बंद होते. चौथा गट ‘प्रायव्हसी’, तिथं आपण अलीकडे उघडलेल्या वर्ड फाईलींची यादी. ती दाखवून घाबरवण्यात काय मतलब?

शेकड्यांत एकही व्हायरस नव्हता. मग त्याच मशीनवर डिफेंडरचा फुल स्कॅन लावला, बाई तोवर खडेबाजारात कामं उरकून आल्या, निकाल कोरा. त्या म्हणाल्या, “म्हणजे हे सगळं खोटंच काय हो?” खोटं नाही म्हणता येत, तीच तर हुशारी आहे. कुकी होत्या, फाईल होत्या. त्यांची मोजणी धोका म्हणून केली, एवढंच.

खरी सूचना कशी असते, तेही बघून ठेवा. डिफेंडरला काही सापडलं तर विंडोज सिक्युरिटीत प्रोटेक्शन हिस्टरीमध्ये त्याची नोंद राहते. तिच्यात धोक्याचं नाव असतं, ‘ट्रोजन’ वगैरे शब्दाने सुरू होणारं. तो किती गंभीर आहे ते असतं. आणि ‘अफेक्टेड आयटम्स’खाली कुठल्या ड्राइव्हमधल्या कुठल्या फोल्डरमधली कुठली फाईल, याचा पूर्ण पत्ता असतो. पैशांचा उल्लेख नसतो. कुठलाही अँटिव्हायरस असो, त्याला फाईलचं नाव आणि पत्ता विचारा. तो देत असेल तर गोष्ट मनावर घ्या. नुसता आकडा आणि भाव देत असेल तर खिडकी बंद करा.

हे काही फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची मोठी दुकानसाखळी गिऱ्हाइकांच्या मशीनची फुकट ‘हेल्थ चेक’ करून द्यायची. सुरुवातीला चार प्रश्न: मशीन स्लो आहे का, व्हायरसची सूचना येते का, वारंवार बंद पडतं का, जाहिराती उघडतात का. ह्यातल्या एकावर जरी टिकमार्क केला तरी शेवटी मशीनमध्ये मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची, लक्षणं असल्याचा निकाल यायचा, स्कॅनमध्ये काहीही निघो. नाडी न बघता ताप सांगणारा वैदू असतो ना, तसं. मग दुरुस्तीची सेवा विकायची, काहींना शेकडो डॉलरची. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑफिस डेपो आणि ते टूल पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांच्याकडून मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून घेतले. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज ह्या दुरुस्तीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांवर अशाच खोट्या सूचनांबद्दल २ कोटी ६० लाख डॉलर भरायची वेळ आली. मायक्रोसॉफ्टनेही २०१८ च्या मार्चपासून नियम केला, की फुकट स्कॅन करून घाबरवणाऱ्या शब्दांत पैसे मागणारा क्लीनर डिफेंडर नको असलेलं सॉफ्टवेअर समजून काढून टाकणार. तरी नव्या नावांनी ते येतातच, तेव्हा क्लीनर, बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर ह्या तीन जाती मशीनवर घेऊच नका. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतात.

फुकटचा अँटिव्हायरस म्हणून दुसराच कुठला टाकणार असाल तर अवास्टची गोष्ट माहीत असू द्या. लोकांनी कुठल्या वेबसाइट बघितल्या त्याची माहिती त्यांची जंपशॉट नावाची कंपनी विकत होती. जंपशॉट २०२० मध्ये बंद केली आणि २०२४ मध्ये त्याबद्दल एक कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. माग काढणाऱ्यांपासून वाचवतो म्हणून सांगणाराच माग काढत होता.

बटणं वाचा, भाव दोनदा वाचा

आपल्या देशात ह्या विकण्याच्या क्लृप्त्यांना आता नावं दिलेली आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक नियम काढले. त्यात १३ प्रकार दिलेत आणि चक्क व्हायरस असल्याचा भास करून पैसे उकळणं हाही त्यातलाच एक. बाकीचेही अँटिव्हायरसच्या खिडकीत सापडतात. ‘सवलत संपायला दहा मिनिटं’ असं उलटं घड्याळ, जे दुसऱ्या दिवशी पुन्हा दहावरून सुरू होतं. ‘नको’ ऐवजी ‘मला धोका पत्करायचाय’ असं लिहिलेलं बटण, म्हणजे नाही म्हणणाऱ्यालाच अपराध्यासारखं वाटावं. दर तासाला तीच खिडकी. घ्यायला एक क्लिक आणि सोडायला ईमेल, फोन आणि चार पानं.

मुदतीचं एक लक्षात घ्या. पहिल्या वर्षाचा भाव मोठा छापतात, रिन्यूचा भाव तारांकित तळटीपेत असतो आणि तो बऱ्याचदा दुप्पट निघतो. ऑटो-रिन्यूवर टिकमार्क आधीच केलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डवरून असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं आणि तिथूनच नको म्हणता येतं. पण १५,००० रुपयांच्या आत ओटीपी लागत नाही आणि घरगुती अँटिव्हायरस त्याच्या कितीतरी आत बसतो. म्हणजे तो एसएमएस वाचला नाही तर पैसे गेले. त्यापेक्षा घेतल्या दिवशीच काढून टाका: कार्डाने भरले असतील तर कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करा, यूपीआयने भरले असतील तर तुमच्या ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट शोधून ते रद्द करा. लायसन्स चालूच राहतं, नुसती पुढची कपात थांबते. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने सिमँटेक आणि मॅकॅफी ह्या दोन्ही अँटिव्हायरस कंपन्यांना ह्याच ऑटो-रिन्यूवरून प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर भरायला लावले होते, तेव्हा सवय जुनी आहे.

रिन्यू करायचंच असेल तर आधी गणपत गल्लीत जाऊन नव्या डब्याचा भाव विचारा. पडद्यावरच्या रिन्यूपेक्षा तो बऱ्याचदा कमी निघतो.

आणखी दोन गोष्टी विकतात त्या झटकन सांगतो. ‘तुमचा आयपी ॲड्रेस सगळ्यांना दिसतोय, व्हीपीएन घ्या’: आयपी ॲड्रेस म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता, तो दिसल्याशिवाय वेबसाइट तुम्हाला पान पाठवणार कुठे? घरच्या इंटरनेटवर बँकेचं काम करायला व्हीपीएन, म्हणजे तो पत्ता झाकणारी सेवा, लागत नाही. ‘तुमचा ईमेल डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या चोरबाजारात, सापडला’: हे खरं असू शकतं, पण ते हॅव आय बीन पोन्ड ह्या वेबसाइटवर २०१३ पासून फुकट बघता येतं आणि उपाय एकच, त्या खात्याचा पासवर्ड बदला आणि ओटीपीची दुसरी पायरी लावा. मोबाईलवर तर क्लीनर आणि बॅटरी डॉक्टर टाकूच नका, अँड्रॉइडमध्ये गूगलचा प्ले प्रोटेक्ट आधीपासून असतो.

विंडोज १० ची भीती मात्र अर्धी खरी

हल्ली सेल्समन नवं कारण सांगतात: “विंडोज १० बंद झालं, आता आमचं घेतल्याशिवाय इलाज नाही.” विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, हे खरं. पुढचं खोटं. विंडोजमधलं भोक बुजवतं ते विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरस ते बुजवू शकत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आला तेव्हा ज्या भोकातून तो शिरला त्याचं अपडेट मार्चमध्येच निघालेलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्यात तो त्या वाटेने शिरू शकला नाही. मशीन विंडोज ११ घेत असेल तर ते फुकट घ्या. घेत नसेल तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली आहे, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नावनोंदणी होते. अँटिव्हायरसवर दरवर्षी पैसे घालत जुनं मशीन ओढण्यापेक्षा ते पैसे नव्या मशीनसाठी बाजूला ठेवा, असं मी तरी सांगतो.

पैसे घालायचेच तर कुठे

अँटिव्हायरस विकत घेणं म्हणजे मूर्खपणा, असं मी म्हणत नाही. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते, त्यांच्या धाकट्या भावाने, संजय यांनी, व्हायरस काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. नव्वदीत फ्लॉपीतून व्हायरस यायचे, विंडोजमध्ये काहीच नसायचं, तेव्हा ते घेण्यावाचून गत्यंतरही नव्हतं. आजही पंधरा-वीस मशीनची सोसायटी असेल, कोण कुठला पेन ड्राइव्ह लावतो यावर एका जागेवरून नजर ठेवायची असेल किंवा ऑडिटर मागत असेल, तर ऑफिससाठीचं पॅकेज घ्या, बिल घ्या. घरी पोरांसाठी काही साइट बंद-चालू करायच्या असतील आणि विंडोजमधली ‘फॅमिली’ची सोय जमत नसेल, तरी घ्या. गरज तुम्ही ठरवा, पाटीला ठरवू देऊ नका.

कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. फाईल गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक न करता आधी डिफेंडरने पेन ड्राइव्ह स्कॅन करा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही फुकटची टूल आहेत, त्यात सी-डॅक ह्या सरकारी संस्थेचं यूएसबी प्रतिरोध पेन ड्राइव्हसाठीच आहे.

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या ऑफिसात मात्र खरा घाला पडला होता. प्रत्येक फाईलच्या नावापुढे भलतीच अक्षरं चिकटलेली, एकही बिल उघडेना. पैसे भरलेला अँटिव्हायरस मशीनवर होता आणि चालूही होता. पण आदल्या रात्री भाच्याने फोटोचं क्रॅक मारलेलं सॉफ्टवेअर टाकताना तो तेवढ्यापुरता बंद केला होता, कारण क्रॅकच्या सूचनांत तसंच लिहिलेलं असतं. वाचवलं ते कपाटात काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कने, टॅलीचा आठवड्यापूर्वीचा बॅकअप तिच्यावर होता. तेव्हा पहिला पैसा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाला. बॅकअप झाला की ती काढून ठेवा, लावलेली राहिली तर तीही जाते. फाईली अशा अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात, आणि विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आहे, तो बंद येतो; चालू केला तर ओळखीचा नसलेला प्रोग्राम तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये हात घालू शकत नाही. कधी टॅलीलाच अडवतो, मग तिथंच टॅलीला परवानगी द्यायची. डीटीपीवाल्यांनी तर हा लावाच.

पैसे गेले असतील तर

पाटीचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा, मशीन फॉरमॅट मारायच्या आधी. कंपनी खरी असेल तर परताव्याची मुदत तिच्याच वेबसाइटवर दिलेली असते, तेवढ्यात ईमेल करा, फोनवर बोलत बसू नका. दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं मराठीतही बोलता येतं आणि कानडीतही, त्यामुळे सीमाभागात कुणाचीच अडचण नाही. डार्क पॅटर्नची तक्रार आहे असं स्पष्ट सांगा आणि बिल, पाटीचा फोटो, कपातीचा एसएमएस हाताशी ठेवा.

एनीडेस्क देऊन बसला असाल, तर आधी वायफाय बंद करा किंवा केबल ओढा. मग दुसऱ्याच्या मोबाईलवरून बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा, आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर लावाल तितके पैसे मधल्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. पासवर्ड बदलायचे ते त्या मशीनवरून नाही, दुसऱ्या मशीनवरून. एवढं झालं की मशीन दुकानात आणा, चार्जर विसरू नका.